गादीला ऊन दाखवताना

ही पुस्तिका का लिहिली ते सांगायचं तर आधी एक कबुली द्यायला हवी. मी एकदा गादी धुतली होती. पुण्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि तीही ऐन जुलैत. मुलगा दोन वर्षांचा होता आणि त्याने गादीवर जगाचा नकाशा काढून ठेवला होता. काथ्याची भरीव गादी. ती मी बाथरूममध्ये उभी केली, शॅम्पूचं पाणी करून ब्रशने घासली आणि वरून नळाचा पाइप सोडला. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडला. मग धापा टाकत ती बाल्कनीच्या कठड्यावर टाकली आणि एक मोठं काम उरकल्याच्या समाधानात चहा प्यायलो.

दोन दिवस ती ठिबकत होती. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, पाइप फुटलाय का म्हणून. चौथ्या दिवशी वास सुटला, सहाव्या दिवशी कापडावर काळे ठिपके उमटले आणि नवव्या दिवशी मी ती शेजाऱ्याच्या मदतीने खाली उतरवली. कचरागाडीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, ही ओल्यात टाकायची की सुक्यात?"

त्या रात्री आईला फोन केला. ती हसली नाही, उलट चिडलीच. "गादी धुतलीस? गादी कोण धुतं? गादीला ऊन दाखवतात."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्यातला शब्द कधी कानात अडकला नव्हता. कपडे आपण धुतो, भांडी घासतो, फरशी पुसतो, गोधडी दगडावर आपटतो, पापड-कुरडया वाळत घालतो. गादीला मात्र ऊन 'दाखवतो', जसा देवाला नैवेद्य दाखवतो आणि घटकाभराने ताट उचलून घेतो तसं. ज्या कुणी पिढ्यांनी हा शब्द घडवला त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, जी मला माझ्या पदवीसकट ठाऊक नव्हती. गादीचा शत्रू मळ नाही, ओल आहे. मळ दिसतो म्हणून आपण त्याच्यामागे पाणी घेऊन धावतो आणि ज्याला हाकलायचं त्यालाच घरात घेतो. पुढची सगळी पानं या एका गोष्टीचा विस्तार आहेत. ती ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांनी पुस्तिका विकत घेतली नाही तरी माझी हरकत नाही.

स्वयंपाकघराचं नशीब चांगलं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि सासर दूर असलेल्या, आई जवळ नसलेल्या कितीतरी मुलींच्या हाताशी एक मोठी बाई येऊन उभी राहिली. अंथरुणाला असं कुणी भेटलं नाही. हे ज्ञान तोंडी होतं, गच्चीवर होतं, आणि एकत्र घरं मोडली, गच्च्यांना कुलपं लागली तेव्हा ते कुणाच्या लक्षातही न येता गेलं. आज दुकानातली गादी हजारो रुपयांना येते. तिच्यासोबत दहा वर्षांच्या हमीचं कार्ड येतं, आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डाग पडल्यास हमी रद्द. डाग पडू नये किंवा पडल्यास काय करावं, याबद्दल मात्र कार्ड गप्प असतं. (माणूस आयुष्याचा एक तृतीयांश भाग गादीवर घालवतो, हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं, म्हणून या पुस्तिकेत ते पुन्हा येणार नाही.)

आमचं मूळ घर सांगलीचं. घरकाम बायकांचं, असा तो काळ, पण त्यात एक अपवाद होता. गाद्या गच्चीवर नेणं हे पोरांचं काम. कधी न्यायच्या ते आजी ठरवायची. घट बसायच्या आधीच्या आठवड्यात एकदा आणि चैत्र-वैशाखात दोन-तीनदा. घट बसायच्या सुमारास पावसाळा सरलेला, आश्विनाच्या तोंडावरचं ऊन चटका देणारं, हवेतला दमटपणा ओसरलेला. नवरात्राच्या आधी घर काढायचं, वाकळा-गोधड्या नदीवर किंवा कॅनॉलवर नेऊन धुवायच्या, ही पश्चिम महाराष्ट्रातली रीत धर्माची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेळापत्रकाची हुशारी दिसते. चार महिने जी ओल अंथरुणात साठली ती काढायला याहून चांगला आठवडा वर्षात नाही.

कापसाची एकेरी गादी दहा-बारा किलोंची. आम्ही दोघे भाऊ ती डोक्यावर घेऊन जिन्याने जायचो, पुढच्याला काही दिसायचं नाही आणि मागच्याला हसू आवरायचं नाही. वर गेल्यावर कामाला क्रम होता. आधी खोळ काढायची, ती धुवायला खाली. मग गादी वेताच्या छडीने बडवायची, धूळ कमी होईपर्यंत. मग ऊन. दुपारी उलटायची. आणि चारच्या आत खाली आणायची, म्हणजे संध्याकाळचा गारवा तिच्यात शिरायच्या आत. शेवटच्या पायरीत आमची टाळाटाळ व्हायची आणि आजीचा आवाज जिन्यातून वर यायचा. तेव्हा वाटायचं तिला उगाच घाई. कापूस हवेतली ओल किती चटकन ओढून घेतो हे पुढे वाचलं आणि कळलं की ती दिवसभर कमावलेला कोरडेपणा संध्याकाळी परत द्यायला तयार नव्हती, इतकंच.

दोन-तीन वर्षांनी गादी उन्हाला दाद देईनाशी व्हायची. मध्ये खळगा, कडेला गठ्ठे, आणि पाठीला टोचणारे गोळे. मग पिंजाऱ्याला सांगावा जायचा. तो खांद्यावर पिंजण घेऊन यायचा. माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली आतड्याची तात, आणि हातात मधोमध बारीक व दोन्ही टोकांना जाड असा लाकडी ठोकळा. गल्लीत शिरताना तो त्या तातीवर एकदा टोला मारायचा. तो आवाज घंटेचा नव्हे आणि वाद्याचाही नव्हे. पोटात घुमणारा असा तो टणत्कार ऐकून पाच-सहा घरांतून बायका बाहेर यायच्या. तेवढीच त्याची जाहिरात.

आमच्या भागात या लोकांचं आडनाव बहुधा नदाफ. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हे नाव घराघरात माहीत आहे, पण त्याचा अर्थ फारसा कुणी विचारत नाही. अरबीत 'नद्दाफ' म्हणजे कापूस पिंजणारा. याच व्यवसायातले दुसरे लोक स्वतःला मन्सुरी म्हणवतात आणि आपलं नातं मन्सूर अल-हल्लाजशी जोडतात. हा तोच सूफी, ज्याला इसवी सन ९२२ मध्ये बगदादमध्ये देहदंड झाला. 'हल्लाज' म्हणजेही पिंजारीच. आपल्याकडच्या गादीच्या दुकानाच्या पाटीवर हे नाव वाचताना मला दर वेळी गंमत वाटते. शंभर पावलांवर बगदाद आणि मध्ये फक्त कापूस.

भाषेने मात्र पिंजाऱ्याला सांभाळून ठेवलंय. केस विस्कटले की ते 'पिंजारलेले', पोलीस चोराचा माग काढताना सगळा परिसर 'पिंजून काढतात', आणि सभेत एखाद्या विषयाचा 'कापूस पिंजला' जातो. गादीचंही तसंच. सातारा आणि कोल्हापूरच्या गाद्या म्हणजे राज्यं, महाराष्ट्र केसरीत मातीबरोबर गादी हा वेगळा विभाग, आणि व्यापाऱ्याच्या पेढीवर मालक जिथे बसतो तीही गादीच. एवढा मान असलेल्या वस्तूच्या पोटात काय असतं हे पाहायला मिळायचं ते मात्र पिंजाऱ्याच्याच कृपेने.

तो गादी उसवायचा. आतून निघायचा तो राखाडी, दबलेला, घोंगडीच्या तुकड्यांसारखा कापूस. त्याच्या ढिगावर पिंजण टेकवून ठोकळ्याने तात छेडली की ती थरथरत कापसाला शिवायची आणि गोळा फुटून ढग व्हायचा. धूळ आणि कचरा जड म्हणून खाली, कापूस हलका म्हणून वर. पाण्याचा थेंब न वापरता केलेली ही धुलाईच होती. कापसाचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. दाब आणि ओल मिळाली की या फिती एकमेकींत गुंततात आणि मधली हवा निघून जाते. पिंजण त्यांना सोडवतं आणि हवा परत भरतं. गादीचा मऊपणा कापसाचा नसतोच, तो या हवेचा असतो. म्हणून गादीला तलम, लांब धाग्याचा कापूस लागत नाही. आखूड, जाडसर देशी कापसाची उसळी जास्त टिकते. दर पिंजणीला थोडी घट येते, तेवढा किलो-दीड किलो नवा कापूस मिसळायचा, उलट्या केलेल्या खोळीवर थर पसरायचा, गुंडाळी करून ती सुलट करायची, काठीने सारखी करायची आणि दाभणाने आरपार टाके घालायचे. टाके शोभेचे नसतात. ते कापसाला जागेवर धरून ठेवतात. टाका तुटला की तिथला कापूस फिरायला निघतो, म्हणून तुटलेला टाका त्याच दिवशी घालावा. पुढच्या प्रकरणात तो कसा घालायचा त्याची आकृती दिली आहे.

हे लिहिताना मला फार हळवं व्हायचं नाही. पिंजणाच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या त्या माणसाच्या छातीचं काय होत असेल, हा प्रश्न आम्हाला पोरवयात पडला नाही. कापसाच्या धुळीने फुप्फुसाच्या नळ्या आखडतात. सूतगिरण्यांतल्या कामगारांच्या या आजाराला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस असं नावही आहे. आता पिंजायचं यंत्र आलंय, ढोलात फिरणारे दाते पंधरा मिनिटांत गादी मोकळी करतात, आणि तोंडाला फडकं बांधलेला मुलगा ते चालवतो. धूळ तेवढीच आहे. गादी पिंजायला द्याल तेव्हा दम्याच्या माणसाने तिथे उभं राहू नये, आणि पिंजून आलेली गादी आधी दिवसभर उन्हात टाकावी, मगच पसरावी.

गादीच्या निगेत सर्वांत मोठा फरक मात्र पिंजारी गेल्याने पडलेला नाही. तो पडला पेटीच्या पलंगाने.

आधी अंथरूण ही रोज घालायची आणि रोज काढायची गोष्ट होती. चाळीतल्या खोलीत तर दुसरा इलाजच नव्हता. रात्रीच्या दहा फुटांत सहा जण झोपायचे आणि सकाळी तिथेच चूल आणि अभ्यास. गाद्यांच्या वळकट्या कोपऱ्यात रचल्या जायच्या, त्यांच्यावर चादर टाकली की पाहुण्याला बसायला बैठक तयार. सूर्य वर आल्यावरही अंथरूण पसरलेलं दिसलं की घरातली मोठी माणसं अवदसा, दरिद्र असले शब्द काढायची. त्यामागे आळसावरचा राग होता, पण परिणाम आरोग्याचा होता. रोज सकाळी गादीच्या दोन्ही बाजूंना हवा लागायची. गादीची निगा राखणं असं वेगळं काम नव्हतं, ते घडी घालण्यात आपोआप होऊन जायचं.

आता गादी प्लायवूडच्या फळीवर कायमची पडलेली असते. खाली बंद पेटी, पेटीत जुन्या चादरी, लग्नातली भांडी आणि न लागणारी सूटकेस. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत साधारण पाव लिटर पाणी वाफ होऊन निघतं. सगळंच गादीत जातं असं नाही, पण जे जातं ते खाली उतरतं आणि फळीवर अडतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवाच इतकी ओलसर की ते सुकायला जागा नाही. मग एक दिवस गादी उचलावी आणि खालच्या अंगाला काळ्या-हिरव्या बुरशीची नक्षी दिसावी. वरून पाहिलं तर गादी नवीकोरी. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाचा सकाळचा खोकला वर्षभर औषधाने जात नव्हता, आणि गादी मात्र त्या वर्षात कुणी एकदाही उलटली नव्हती. खोकला गादीमुळेच होता असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण गादी उलटायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून या पुस्तिकेतला पहिला उपाय फुकटचा आहे. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण नीटनेटकं झाकू नका. पांघरूण पायाशी लोटा, खिडकी उघडा, पंखा लावा आणि तास-दीड तास गादी उघडी राहू द्या. हॉटेलातल्यासारखी ताणून घातलेली चादर दिसायला छान, पण ती रात्रीची वाफ आत कोंडते. आणि पेटीचा पलंग असेल तर फळीला सुताराकडून बोटभर जाडीची भोकं पाडून घ्या. सुतार तोंड वाकडं करेल, तरी पाडून घ्या.

ओल हवी असते आणखी एकाला. १९६४ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडन इथे व्होरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीची जी ॲलर्जी लोकांना होते तिच्यामागे धूळ नसून धुळीतले माइट आहेत. अष्टपाद जीव, मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश भागाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो आणि त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनाने आपल्याला शिंका येतात. त्याची खरी गंमत पुढेच आहे. त्याला पाणी पिता येत नाही. लागेल ते पाणी तो दमट हवेतून शोषतो. हवेतली आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचे हाल, दादरला त्याची चंगळ. आजीला माइट माहीत नव्हता, पण चार वाजता गादी खाली आणायचा तिचा हट्ट त्याच्या मुळावरच होता.

याच माइटच्या नावाने दारावर व्हॅक्यूम क्लीनर विकले जातात. विक्रेता नळीला काळं फडकं लावून गादीवर फिरवतो आणि पांढरी पूड दाखवून घरच्यांना गप्प करतो. वर सांगतो की दहा वर्षांत माइटमुळे गादीचं वजन दुप्पट होतं. या वाक्याला कसलाही आधार नाही. कुणीही वजनकाटा आणून पाहावं. काळ्या फडक्यावर कुठल्याही घरातल्या कुठल्याही कापडाची पूड पांढरीच दिसते. व्हॅक्यूम वाईट नाही, घरात असेल तर महिन्याला गादीवरून फिरवावा, शिवणींतून सावकाश. नसेल तर कर्ज काढून आणण्याचं कारण नाही. माइटवर चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुणं जास्त लागू पडतं, आणि ते आपल्या बंबात किंवा गिझरच्या बादलीत होतं.

डागांचं प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लांब आहे, कारण लोक तेवढंच विचारतात. इथे थोडक्यात. रक्ताला नेहमी गार पाणी, कारण गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन शिजतं आणि डाग पक्का होतो. लहान मुलाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या लघवीला आधी कोरडं फडकं, आणि तेही दाबून. घासायचं नाही, घासलं की ओल आत जाते. मग औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, बाटलीवर ६ टक्के असेल तर तितकंच पाणी घालून, फक्त पांढऱ्या कापडावर आणि फक्त ओलसर करण्याइतपत. त्यावर खायचा सोडा भुरभुरायचा आणि पूर्ण सुकल्यावर झाडून टाकायचा. लघवीच्या डागावर ब्लीचिंगचं पाणी कधीही टाकू नये. त्यातल्या अमोनियाशी क्लोरीन मिळून निघणारा वायू बंद खोलीत छातीला लागतो. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र ओतण्याची जी युक्ती हल्ली सगळीकडे फिरते तिच्यात फेस भरपूर येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून उरतं ते जवळजवळ खारं पाणी. पाहायला मजा, डागाला काही नाही. या सगळ्यापेक्षा आमच्या घरात शहाणपणाची वस्तू होती ती मेणकापड. बाळंतिणीच्या खोलीत चादरीखाली ते असायचंच. आज त्याचीच सुधारलेली, हवा जाऊ देणारी आवरणं मिळतात. गादीच्या किमतीच्या मानाने ती स्वस्त पडतात. नवीन गादी घरात आली की पहिल्या रात्रीच्या आधी आवरण घालावं. नंतर घालण्यात अर्थ नाही असं नाही, पण मग ते डाग झाकायला असतं.

ढेकूण. हा शब्द लिहिताना लोक संकोचतात, जणू तो घराण्यावरचा कलंक आहे. ढेकूण गरिबी पाहत नाही आणि मळही पाहत नाही. त्याला लागतं रक्त आणि फट. तो वसतिगृहातून, प्रवासातल्या बॅगेतून, जुन्या बाजारातून आणलेल्या सोफ्यातून येतो, आणि स्वच्छ घरातही तितक्याच आनंदाने राहतो. गादीच्या शिवणीत शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके दिसले की समजावं. इथे आजीचं ऊन पुरं पडत नाही, हे कबूल करायला हवं. ढेकूण मरायला सुमारे पन्नास अंशांची उष्णता लागते, ती गादीच्या वरच्या कापडावर येईलही, पण कापसाच्या पोटात येत नाही. शिवाय ढेकूण शहाणा, तो सावलीच्या बाजूला चालत जातो. आमच्याकडे खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे, काही घरांत रॉकेल. पाणी योग्य होतं, रॉकेल घर पेटवण्याचा धोका होता. आज शिवणीवरून वाफेचं यंत्र सावकाश फिरवणं, चादरी उकळणं, पलंगाच्या फटी भरणं आणि अंडी फुटण्याचा काळ लक्षात घेऊन आठ-दहा दिवसांनी हे सगळं पुन्हा करणं, हाच मार्ग. दुसऱ्या खेपेला कंटाळा करणारे हरतात.

इथे आवाज चढवून एक सांगतो. धान्यात ठेवायच्या किडीच्या गोळ्या गादीखाली ठेवू नका. त्यांतून फॉस्फीन वायू निघतो आणि झोपलेली माणसं, विशेषतः मुलं, त्याने दगावतात. घरोघर फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉस आपल्या देशात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, तरी कुणी जुनी बाटली घेऊन आला तर दारातूनच परत पाठवा. ढेकणाने माणूस मरत नाही.

आणि आता ज्यांच्या घरात कापूसही नाही आणि काथ्याही नाही, त्यांच्यासाठी. आपल्याकडे फोमच्या कुठल्याही गादीला डनलॉपची गादी म्हणायची सवय आहे, मग ती कुणीही बनवलेली असो. हल्लीचा बहुतेक फोम पॉलियुरेथेनचा, ज्याचं मूळ १९३७ मध्ये ऑटो बायर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत आहे. या गादीला ऊन दाखवू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी फोम पिवळा पडतो, मग बिस्किटासारखा भुगा होतो. रबराने बांधलेल्या काथ्याचंही तेच, फक्त सावकाश. यांना सावलीतला वारा द्यायचा. भिंतीला टेकवून, दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून, दुपारभर. माझ्या आईला हे पटवायला मला दोन वर्षं लागली. ऊन सोसत नाही ती कसली गादी, असं तिचं म्हणणं, आणि मनातून मीही तिच्याच बाजूचा आहे. शिवाय वेगवेगळे थर असलेली गादी उलटायची नसते, नुसती डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायची. कोणती उलटायची आणि कोणती फिरवायची याचा तक्ता शेवटी आहे.

एक प्रकरण मी सांगलीसाठी लिहिलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. पाणी ओसरल्यावर मी गावी पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्यांचे ढीग होते. फ्रिज धुऊन चालू होत होते, कपाटं पुसली जात होती, लोक वह्या आणि फोटोसुद्धा दोरीवर वाळत घालत होते. गादीचं मात्र काही करता येत नव्हतं. भिजलेली एक गादी चौघांना उचलेना. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी. ते पोटात घेतलेली गादी उन्हानेही शुद्ध होत नाही, ती टाकूनच द्यायची. हे त्या प्रकरणात लिहिलंय, पण ते वाचून कुणाचा जीव हलका होणार नाही हे मला ठाऊक आहे. जिथे पूर येतो तिथे करण्याजोगं एकच असतं. इशारा मिळाला की टीव्हीच्या आधी गाद्या माळ्यावर टाकायच्या. पाणी गेल्यावर पाठ टेकायला काहीतरी कोरडं लागतं.

उशांवर वेगळं प्रकरण केलेलं नाही, गादीतच त्या येऊन गेल्या आहेत. सावरीच्या कापसाची उशी ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी ती जपावी. काटेसावरीच्या बोंडातला तो तंतू गुळगुळीत, पोकळ आणि मेणचट असतो, त्याचं सूत निघत नाही, पण डोक्याखाली त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाण्याच्या गाद्या, स्प्रिंगच्या गाद्या यांच्याबद्दल मी अगदी थोडं लिहिलंय, कारण त्यांच्यावर मी झोपलेलो नाही.

या लिखाणाचा कच्चा खर्डा मी ज्या माणसाला वाचून दाखवला तो पिंजायचं यंत्र चालवतो आणि त्याचे आजोबा आमच्या गल्लीत पिंजण घेऊन यायचे. वडील गेले तेव्हाची आमची ओळख. तेराव्याला शय्यादान झालं, नवी गादी, नवी उशी, नवी चादर भटजींकडे गेली. वडिलांची जुनी गादी खोलीत तशीच राहिली. ती कुणाला द्यायचं धाडस होईना आणि तिच्यावर झोपायचंही होईना. महिन्याभराने मी ती रिक्षात घालून त्याच्या दुकानात नेली. त्याने कुणाची म्हणून विचारलं नाही. कात्रीने एका कडेचे टाके कापले, आत हात घालून मूठभर कापूस काढला, बोटांनी सोडवला, उजेडाकडे धरून पाहिला.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. "अजून दोनदा पिंजला जाईल."